माळावरचं प्लॅटिनम

आमच्या गावच्या माळावर प्लॅटिनम आहे. थट्टा करत नाही. सरकारच्या भूशास्त्र खात्याच्या एका साहेबानं हे स्वतः मला सांगितलं होतं, आणि तो ते बघायला जीप घेऊन, म्हणजे सरकारी खर्चानं, आला होता. नुसतं प्लॅटिनम नाही, त्याची पाच भावंडंही आहेत: पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियम, ऑस्मियम आणि रुथेनियम. फक्त ही भावंडं दगडातून बाहेर काढायला परवडत नाही. एवढीशी पुस्ती साहेबानं पुढं जोडली होती, आणि गावानं नेमकी तीच वगळली.

गाव बोरीच्या पुढं, जिंतूरच्या डोंगराकडं सरकलेलं. खाली ओढ्याच्या काठानं काळी जमीन, ती पाटलांची आणि त्यांच्या भावकीची. वर माळ, तो कुणाचाच नव्हता, म्हणजे पाटलांच्या गुरांचा होता. छप्पन्न साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि घरातले देव ओढ्यात सोडले. गावानं मात्र काहीच सोडलं नाही. आमच्या हातचं पाणी त्यांना तेव्हाही चालत नव्हतं आणि नंतरही चाललं नाही. आमच्या वस्तीतून सरपण जरी गावात गेलं तरी दारात त्यावर पाणी शिंपडून मगच ते घरात घेत. ओलं सरपण पेटत नाही, घरभर धूर होतो. पण धूर चालायचा.

आणीबाणीत भूमिहीनांना जमिनी वाटायचं ठरलं, तेव्हा मायच्या नावावर माळाचा एक तुकडा आला. जमीन म्हणजे काय, दगडांची पेठ. नांगराचा फाळ दोन पावलं जायचा नाही. वर सरकारची अट होती की मुदतीत जमीन वहितीखाली आणली नाही तर पट्टा रद्द. मुदतीतला शेवटचा पावसाळा तोंडावर आला होता, आणि पाटलांनी आधीच तहसिलीत अर्ज देऊन ठेवला होता की ही जमीन कसणं माणसाच्या हातचं नाही, सबब ती गुरचरणाला परत द्यावी. पाटलांना गुरांची फार काळजी.

माय मात्र हटणारी नव्हती. दुष्काळात तिनं सरकारी कामावर खडी फोडली होती. ती म्हणायची, सरकारचे दगड फोडले तर आपले वेचायला काय जातंय. रोज मजुरीहून आली की टोपलं घेऊन माळावर. मी परभणीला कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत आले की मीही तिच्याबरोबर वाकायची. आम्ही दोघी दिवसभर वेचायचो आणि संध्याकाळी बघावं तर जमीन सकाळी होती तशीच. वरचा दगड काढला की खालचा बसलेला. मला रडू यायचं, रागही यायचा, पण रडायला आणि रागवायला मायनं वेळ ठेवलेला नव्हता.

बा जिंतूरच्या मोंढ्यात हमाली करायचा. आठवड्यातून एकदा घरी यायचा आणि मोंढ्यातल्या गोष्टी सांगायचा. दगड वेचणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो म्हणायचा की सरकारनं आपल्याला जमीन दिली न्हाई, जमिनीचा फोटू दिला.

अशात फाल्गुनात, मी परीक्षेच्या अभ्यासाच्या सुट्टीला घरी असताना, जीप आली. तिच्यातून एक तरुण साहेब, ड्रायव्हर आणि हातोडे घेतलेली दोन माणसं उतरली. माळावर एकच लिंब होता आणि तो आमच्या तुकड्याच्या कडेला होता, त्यामुळं तंबू तिथंच पडला. साहेब दगड फोडायचा, तुकडा भिंगातून बघायचा, कापडी पिशवीत घालायचा आणि मूळ दगडावर पांढऱ्या रंगानं आकडा घालायचा. त्याला पाटलांच्या घरून पाणी यायचं ठरलं होतं, पण येईपर्यंत ते कढत व्हायचं. मग तो सरळ आमच्या वस्तीत येऊन मायच्या रांजणातलं पाणी प्यायचा. आमच्या दारात उभं राहून पाणी पिणारा पँटवाला माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला तो आवडला हे सांगायला आता लाजायचं काही कारण नाही.

मायनं एक दिवस त्याला सरळच विचारलं, "साहेब, दगडात काय हुडकायलाव?"

साहेबानं मला समजावलं आणि मी मायला. आपला हा काळा दगड म्हणजे कोणे एके काळी पसरून थिजलेला तप्त रस. त्यात प्लॅटिनम आणि त्याची भावंडं अगदी चिमूटभर असतात, सगळीकडं असतात. असण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की कुठं ती इतकी गोळा झाली आहेत का, की खाण काढून खर्च भरून वर चार पैसे उरतील? इथं तसं दिसत नाही. अख्खी टेकडी फोडून दळली तर एखाद्या नथीपुरतं निघायचं. तरी तपासणी होईल, पक्कं उत्तर पावसाळ्याअखेरीस. "म्हणजे आहे," साहेब म्हणाला, "पण काढायला परवडत नाही."

मायला त्या सहा भावंडांत काही रस नव्हता. तिनं विचारलं, मग तपासायला हे सगळे दगड तुम्ही घेऊन जाणार का? साहेब हसला आणि म्हणाला, एक पिशवी पुरे. मायचा चेहरा पडला.

आता 'परवडत नाही' या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडं हा शब्द सगळेच वापरतात आणि खरं कुणीच मानत नाही. मोंढ्यात शेतकरी ज्वारीचं पोतं सोडतो. आडत्या मूठभर ज्वारी तळहातावर घेतो, फुंकतो, चेहरा आंबट करतो आणि म्हणतो, या भावात परवडत नाही मालक. मग भाव ठरवायला रुमालाखाली बोटं दाबली जातात, शेतकरी पोत्याचं तोंड बांधायला लागतो, चार पावलं चालतो, आणि आडत्या त्याला मागं बोलावतो. हे असं वर्षानुवर्षं चालतं, परवडत नसताना आडत्याच्या घरावर मजला चढतो. म्हणून आमच्या भागातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला पक्कं ठाऊक होतं की जो परवडत नाही म्हणतो, त्याला माल हवा आहे. जितक्या जोरात म्हणतो, तितका जास्त हवा आहे.

जीपच्या ड्रायव्हरनं बोरीच्या हॉटेलात चहा पिताना प्लॅटिनमचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की साहेब म्हणतात परवडत नाही. संपलं. सरकार सौदा करतंय, हे गावाला कळलं.

पहिल्यांदा किराणा दुकानदार आला. त्याला म्हणे कोंबड्यांच्या खुराड्याला चार दगड पाहिजे होते. मायनं विचारलं, गावात दगड संपले का? तो म्हणाला, तुमचे चांगले हायत. मग कुणाला चुलीला दगड पाहिजे झाला, कुणाला धुणं धुवायला, कुणाला उखळाखाली टेकण. जन्मात ज्या बाया वस्तीच्या वाटेनं आल्या नव्हत्या त्या टोपली घेऊन माळावर यायला लागल्या. दगड उचलून हातावर तोलायच्या, जड असला की पदराखाली. शेवटी पाटलांची बैलगाडी आली. गड्यानं सांगितलं की पाटलांना शेताला ताल, म्हणजे दगडांचा बांध, घालायची आहे. पण ताल पडायची शेतात, आणि दगड तर गेले पाटलांच्या माजघरात. गड्यानंच नंतर सांगितलं की ते धान्याच्या कणगीमागं रचून वर घोंगडं टाकलं आहे.

आणि एकाही दगडावर कुणी पाणी शिंपडलं नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी वाकलेली होते ती तशीच वाकलेली राहिले. आमच्या रानातले, आम्ही दोघींनी हाताळून, उचलून, कडेला ठेवलेले दगड गावातल्या पलंगांखाली, उतरंडीमागं, एकाच्या तर देवघरातसुद्धा कोरडे ठणठणीत जाऊन बसले होते.

मायला लबाडीचा दोष कुणी देऊ नये. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची की बाबा, साहेब म्हणतो परवडत न्हाई. ते ऐकून येणारा डोळे बारीक करायचा आणि आणखी एक दगड उचलायचा. तिनं खरं बोलावं तितकं रान मोकळं व्हायला लागलं. ज्येष्ठ लागायच्या आत खालची माती दिसायला लागली, तांबूस, मुरमाड, पण माती. माय ती मुठीत घेऊन बघायची.

खोडा घातला तो बानं. त्याला बातमी मोंढ्यातच लागली होती. हमाली टाकून तो घरी आला आणि हातात काठी घेऊन माळावर जाऊन बसला. आपलं प्लॅटिनम लोक नेतायत आणि बायको त्यांना टोपली उचलू लागतीय, हे त्याला सहन होईना. त्यानं दोन बायांना हाकललं, पाटलांची गाडी परत पाठवली. पाटलांची गाडी आमच्या बानं परत पाठवली ही गोष्ट एरवी वस्तीनं सणासारखी साजरी केली असती. पण अजून रानाचा मधला भाग दगडांनी भरलेला होता, आभाळ भरून यायला लागलं होतं, आणि मुदत कुणासाठी थांबणार नव्हती.

घरात भांडण पेटलं. बाचं म्हणणं साधं होतं. जमिनीतून काय निघंल? मूग. तो बी निघाला तर. अन् दगडातून काय निघंल? त्याला त्या सहाही भावंडांची नावं पाठ झाली होती, मला परीक्षेतसुद्धा इतकी धड येत नव्हती. मायचं म्हणणं त्याहून साधं होतं. दगड राहिले तर पेरणी नाही, पेरणी नाही तर पट्टा नाही, पट्टा नाही तर दगडही पाटलांचे.

बा माझ्याकडं वळला. "बाई, तू शिकायलीस. तूच सांग."

मी पुस्तकातलं, साहेबाचं, माझं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, बा, दगडात असलं तरी काढायला परवडत नाही.

बानं मान डोलावली. "तू बी आडत्यावानी बोलायलीस," तो म्हणाला. आणि त्याच्या आवाजात रागापेक्षा कौतुकच जास्त होतं. पोरगी सौदा शिकली, असं त्याला वाटलं असावं. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

तोड मायनंच काढली. साहेबानं आकडा घातलेला एक मोठा धोंडा रानात होता. तिनं आणि मी सब्बल लावून तो लोटत, ढकलत घरी आणला आणि दाराशी बसवला. मग बाला म्हणाली, साहेबानं आकडा घातला म्हणजे यातच हाय. बाकीचे बिनआकड्याचे. याची राखण तुमी करा. बाला हे पटलं. सरकारी आकड्यावर त्याचा विश्वास होता. तो माळावरून उठून दारात येऊन बसला आणि दुसऱ्या दिवशीपासून टोपल्या पुन्हा सुरू झाल्या. मोकळ्या झालेल्या रानात आठवड्यानं गावातला एक म्हातारा भेटला, इकडं तिकडं बघून म्हणाला, संपले व्हय? मायनं त्याला कडेचा एक दाखवला.

वालूरहून मामा बैलजोडी घेऊन आला. गावात आम्हाला बैल कुणी दिले नसते. त्यानं नांगरलं, वखरलं, आणि मृगात मूग पडला. उगवून आला तेव्हा माय रोज सकाळी एकदा आणि कामावरून येताना एकदा तो बघून यायची.

श्रावणात पाहणीला तलाठी आला. पाटलांचा अर्ज होता, त्याचा पंचनामा करायचा होता. पंच म्हणून खुद्द पाटील आणि तो किराणावाला. पाटील इतक्या दिवसांत माळाकडं फिरकले नव्हते, गाडी फक्त पाठवत होते. एका गाडीनं रान मोकळं होत नाही, आणि बाकीच्यांनी काय नेलं ते कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की शहाणा आपण एकटेच. ते बांधावर आले आणि समोर गुडघ्याएवढा हिरवा मूग बघून थांबले.

तलाठ्यानं अर्ज वाचला. सदर जमीन संपूर्ण दगडगोट्यांनी व्यापलेली असून. त्यानं रानाकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं. "पाटील, यात तर दगडच दगड लिहिलेत. कुठं आहेत?"

पाटील आभाळाकडं बघायला लागले. किराणावाल्यानं चप्पल काढून तिच्यातला खडा झटकला, तो त्या रानातला बहुधा शेवटचा असावा.

माय पुढं झाली. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "दगड पाटलायच्या घरी हायत. त्यायनीच वेचून नेले. लय मदत झाली आमाला."

तलाठी बेरकी होता, त्याच्याही कानावर सगळं आलेलं होतं. जमिनीच्या पोटातलं खनिज सरकारच्या मालकीचं असतं, ते घरात साठवायचं तर परवानगी लागते, असं तो कुणाकडंच न बघता म्हणाला. पाटलांनी पंचनामा न वाचता सही केली. किराणावाल्यानं त्याखाली. जमीन वहितीत आहे, उभं पीक मूग.

ते तिघं गेल्यावर माय बांधावर खाली बसली आणि रडली. दुष्काळात खडी फोडताना हाताला फोड आले तेव्हा ती रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसले. मला तिचा फार अभिमान वाटत होता, पण असल्या वेळी बोलायचं काय हे आमच्या घरात कुणी कधी शिकवलेलं नव्हतं.

मूग तोडून झाल्यावर साहेब परत आला, तपासणीचं पक्कं उत्तर घेऊन. सगळं गाव चावडीपुढं जमलं. साहेब म्हणाला, तपासलं, आहे ते नावापुरतं, खाण काढायला परवडणार नाही. किराणावाला गालात हसला आणि म्हणाला, "साहेब, शेवटचं बोला." साहेबाला कळेना. त्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि जीपमध्ये बसला. गाव तिथंच उभं राहिलं. सौदा फिसकटला की गिऱ्हाईक जातं आणि चार पावलांवरून वळतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जीप मारुतीपाशी गेली. ओढ्यात उतरली. पलीकडं चढली. मी त्या माणसांचे चेहरे बघत होते, आणि खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की वळेल. जीपचा आवाज ऐकू यायचा बंद झाला तरी बराच वेळ कुणी हललं नाही.

त्यानंतर काही दिवसांत दगड घराबाहेर पडले. कुणी उकिरड्यावर टाकले, कुणी वाटेत. पाटलांचा गडी मात्र गाडी भरून आमच्या रानाशी आला. तुमचे दगड तुमाला, असा निरोप होता. मामा पाळी घालायला आला होता, मामाच्या बैलांपासून लांब, कडेला गड्यानं गाडी रिकामी केली. माणूस गरीब होता, त्याला हे काम जड जात असावं. खाली बघत त्यानं सांगून टाकलं की पाटलीणबाईंनी दगड ठेवलेली जागा गोमूत्रानं धुऊन घेतली, दोनदा शेणानं सारवून घेतली.

म्हणजे फाल्गुन-चैत्रापासून भादव्यापर्यंत ते दगड पाटलांच्या धान्यापाशी होते तोवर त्यांना विटाळ नव्हता. परवडत नाही म्हटल्यावर झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गड्याला काहीबाही बोलायला लागले, पण मायनं हातानं थांबवलं. ती दगडांचा ढीग बघत होती. बांधाला दगड लागणारच होते, पावसानं वरची माती वाहून जायला लागली होती.

तिनं कळशी उचलली. ती पिण्याच्या पाण्याची होती, खालच्या झऱ्यावरून चढण चढून आणलेली. ढिगापाशी गेली आणि एक दगड उचलून त्यावर पाणी ओतलं. चोळून धुतला आणि बांधावर ठेवला. मग दुसरा घेतला.

बा धावत आला. "चढून आणलेलं पाणी दगडावर कामून वतायलीस? आपण इटाळ मानत न्हाई. दीक्षा घेतलीय आपण."

"मी बी मानत न्हाई," माय म्हणाली. तिनं मान वळवून गड्याकडं बघितलं, तो गाडीचं जू धरून तसाच उभा होता. "ह्ये पाटलाच्या घरून आलेत. धुतल्याबिगर माझ्या रानात घेत न्हाई, म्हणून सांग त्यायला."

"अगं पर पाणी," बा म्हणाला.

"रान आपलं झालंय," माय म्हणाली. "आता येवढं परवडतंय." आणि रिकामी कळशी घेऊन ती पुन्हा झऱ्याकडं उतरायला लागली.